दातदुखी: ठणक्याची तऱ्हा ओळखणं, रात्र निभावणं आणि चांगला डेंटिस्ट निवडणं

रानवारा

दात दुखायला लागला की सगळे आधी विचारतात, "कोणती गोळी घेऊ?" माझं म्हणणं असं की त्याआधी दुखणं नेमकं कसं आहे ते बघा. दाताच्या बाबतीत दुखण्याची तऱ्हाच निम्मं निदान सांगून जाते. डेंटिस्टकडे जाण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून ठेवा: कशाने सुरू होतं (गार, गरम, गोड, चावणं, की काहीच नसताना), किती वेळ टिकतं, आडवं झाल्यावर वाढतं का, आणि दुखरा दात बोट ठेवून दाखवता येतो का.

गार लागलं, चमक आली आणि घोट गिळल्यावर दोन-चार सेकंदांत गेली, तर बहुधा वरचं आवरण झिजलेलं असतं, हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडलेलं असतं किंवा कीड अजून दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली नसते. अशी नस सावरू शकते. कीड काढून फिलिंग केलं की काम भागतं.

गार बाजूला केल्यावरही ठणका अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त रेंगाळतो, गरमाने चढतो, रात्री काही कारण नसताना जाग येते, तेव्हा नस इतकी सुजलेली असते की ती आता आपणहून बरी होत नाही. ती दाताच्या कडक भिंतींत कोंडलेली आहे. सूज आली तरी फुगायला जागा नाही, म्हणून आतला दाब वाढतो आणि तिचा रक्तपुरवठाच कमी पडायला लागतो. आडवं झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून ठणका रात्री जास्त. याच टप्प्यात दुखरा दात नेमका सांगता येत नाही. नसेला वेदना कळते, जागा कळत नाही. खालच्या दाढेचं दुखणं वरच्या दाढेत किंवा कानात जाणवतं. मात्र ते डावीकडून उजवीकडे जात नाही.

आता सगळ्यांत फसवा टप्पा. बरेच दिवस ठणकणारा दात एके दिवशी एकदम शांत होतो. नस मेलेली असते, जंतू मेलेले नसतात. ते मुळाच्या टोकातून हाडात उतरतात आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, दात चावताना दुखू लागतो, इतरांपेक्षा उंच झाल्यासारखा वाटतो, हिरडीवर पुळी येऊन फुटत राहते. दुखणं थांबलं म्हणून घेतलेली अपॉइंटमेंट रद्द करणं ही या प्रकारात सर्वांत महाग पडणारी गोष्ट आहे.

आणखी एक: चावताना फारसं नाही, पण दाब सोडताना तीक्ष्ण कळ येते. हे दाताला तडा गेल्याचं लक्षण. असे तडे एक्सरेत सहसा दिसत नाहीत, म्हणून ही कळ तोंडाने सांगावीच लागते.

टिपकागद

उत्तम धागा. दवाखाने बंद असताना रात्री ठणका सुरू झाला तर सकाळपर्यंत काय करायचं, हे कुणी प्रमाणासकट लिहील का? 'वेदनाशामक घ्या' एवढं वाचून काही कळत नाही.

औषधमात्रा

मोठ्या, एरवी निरोगी माणसासाठी लिहिते.

दाताच्या ठणक्यावर आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र घेतलेले कोणत्याही एकापेक्षा चांगले चालतात, कारण दोघांची काम करायची वाट वेगळी आहे. आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम काही खाल्ल्यावर, सोबत पॅरासिटामॉल ५०० ते १००० मिलिग्रॅम. पुढचा डोस ६ तासांच्या आत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय २४ तासांत आयबुप्रोफेन १२०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये आणि पॅरासिटामॉल ४००० च्या वर. यकृताचा आजार असेल, रोजचं मद्यपान असेल किंवा वजन खूप कमी असेल तर पॅरासिटामॉलची मर्यादा याहून बरीच खाली येते, ती डॉक्टरांकडूनच घ्या.

चूक कुठे होते? सर्दी-तापाच्या आणि अंगदुखीच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं. दोन वेगळ्या नावांची पाकिटं घरात असतात, दोन्ही घेतली जातात आणि मात्रा दुप्पट होते. पाकिटामागचं घटकाचं नाव वाचा. तसंच आयबुप्रोफेनसोबत डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन किंवा अ‍ॅस्पिरिन वेदनेसाठी जोडू नका. ही सगळी एकाच घराण्यातली औषधं आहेत, आराम फारसा वाढत नाही, पोटातल्या रक्तस्रावाचा धोका मात्र वाढतो.

आयबुप्रोफेन कुणी टाळायचं: पोटात अल्सर झालेला, मूत्रपिंडाचा आजार, हृदय निकामी होण्याचा त्रास, रक्त पातळ करणारी गोळी सुरू, अ‍ॅस्पिरिनने दमा उसळणारे, डेंग्यूची शंका असलेले, आणि गरोदर स्त्रिया (२० आठवड्यांनंतर तर नक्कीच). या सगळ्यांना आधी पॅरासिटामॉल. वेदनाशामक लागेल तशी घेण्यापेक्षा पहिला दिवसभर घड्याळ लावून घ्या. ठणका पूर्ण चढल्यावर तो उतरवणं अवघड जातं.

आणि अ‍ॅस्पिरिनची गोळी दुखऱ्या दाताशेजारी हिरडीवर दाबून ठेवू नका. ती आम्लधर्मी आहे, हिरडी आणि गालाची आतली बाजू भाजून पांढरी पडते आणि दाताला काडीचाही फायदा होत नाही.

सांजवात

गोळ्यांखेरीज लवंग तेल उपयोगी पडतं, पण लावायची पद्धत चुकते. त्यातलं युजेनॉल नस बधिर करतं, मात्र निखळ तेल हिरडीला भाजतं. एक-दोन थेंब तेल अर्धा चमचा खाद्यतेलात मिसळा, कापसाचा अगदी छोटा बोळा त्यात बुडवून पिळा, चिमट्याने किडीच्या खड्ड्यात ठेवा. हिरडीवर नको, गालावर नको. पाच-दहा मिनिटांनी काढून टाका. खड्डाच नसेल, दात अखंड असेल, तर तेल नसेपर्यंत पोचणारच नाही. लहान मुलांना वापरू नये, तेल पोटात गेलं तर त्यांना ते खरोखर धोक्याचं आहे.

कोमट मिठाच्या पाण्याने (पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ) नस शांत होत नाही. हिरडी सुजली असेल, अक्कलदाढेवरच्या हिरडीच्या टोपीखाली अन्न अडकलं असेल तिथे ते छान काम करतं. दाताच्या फटीत अडकलेला कण फ्लॉसने (दातांमधून फिरवायच्या धाग्याने) काढून बघा. कधीकधी दुखणं तेवढ्याचंच असतं.

उशा दोन घ्या. शेक गार, बाहेरून गालावर, कापडात गुंडाळून, १५-२० मिनिटं. गरम शेक नको.

अनाहत

हे सगळं मान्य. पण घरात अँटिबायोटिक पडलेलं असेल तर ते का घेऊ नये? दातात जंतू आहेत म्हणूनच तर दुखतंय. घेतल्यावर दोन दिवसांत बरं वाटलेले लोक आपण सगळेच पाहतो.

रानवारा

अनाहत, इथे मात्र मी ठाम आहे. सुजलेल्या नसेचा ठणका हा दाबाचा आणि दाहाचा आहे, त्यावर अँटिबायोटिक काहीच करत नाही. नस मेल्यावर तर औषध तिथे पोचायलाच मार्ग उरत नाही, कारण औषध रक्तातून जातं आणि मेलेल्या नसेत रक्त वाहत नाही. दोन दिवसांत बरं वाटतं ते बहुतेक वेळा नस मेल्यामुळे. श्रेय गोळीला मिळतं आणि उपचार लांबतो. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या मोठ्या माणसाला दाताचा प्रत्यक्ष उपचार मिळू शकत असेल, तर नसेच्या आणि मुळाच्या टोकाच्या बहुतेक दुखण्यांत अँटिबायोटिक देऊ नये. ताप आला, सूज चेहऱ्यावर पसरू लागली, अंग गळून गेलं, तर गोष्ट वेगळी. तेव्हाही ते पू बाहेर काढण्याच्या जोडीला असतं, त्याच्या ऐवजी नाही.

अनाहत

रक्तपुरवठ्याचा मुद्दा पटला. पण उपचार चार दिवस मिळणारच नसेल तर?

दंतवेध

तर फोनवर का होईना डॉक्टरांनी ठरवायचं, घरातल्या उरलेल्या पाकिटाने नाही. सूज आणि ताप नसेल तर वेदनाशामकावर चार दिवस निघतात.

मात्र पुढच्या गोष्टी दिसल्या तर दाताच्या दवाखान्याची वाट न बघता थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा, रात्र असली तरी: जबड्याखाली किंवा मानेत पसरणारी, टणक सूज, जिभेखालची जागा उचलली जाऊन जीभ वर ढकलली जाणं, थुंकी गिळता न येणं, आवाज घोगरा होणं, तोंड दोन बोटंही न उघडणं, श्वास लागणं, सूज डोळ्यापर्यंत चढून पापणी मिटणं. खालच्या दाढेचा पू जिभेखालच्या आणि जबड्याखालच्या जागांत उतरला की श्वासमार्ग दाबला जाऊ शकतो. याला लुडविग्ज अँजायना म्हणतात आणि तो काही तासांत वाढतो. मधुमेह नियंत्रणात नसलेल्यांनी, केमोथेरपी सुरू असलेल्यांनी तर गालावरच्या साध्या सुजेलाही हलकं घेऊ नये.

ओघात सांगतो, सगळीच दातदुखी दाताची नसते. वरच्या तीन-चार दाढा एकदम दुखतात, वाकल्यावर जड वाटतं, सर्दी झालेली आहे: सायनस. चेहऱ्याला स्पर्श झाल्यावर विजेसारखी सेकंदभराची कळ: चेहऱ्याची नस, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. अशा दुखण्यात निरोगी दात काढले जातात आणि दुखणं तसंच राहतं. आणि जिने चढताना खालचा जबडा दुखतो, थांबल्यावर थांबतो, तर आधी हृदय तपासा.

टिपकागद

आता धाग्याच्या दुसऱ्या भागाकडे येऊ या. डेंटिस्ट चांगला आहे हे सामान्य माणसाने ओळखायचं कसं? खुर्ची चकचकीत आहे, स्क्रीन मोठा आहे, यावरून तर नाही ना.

कवडसा

नोंदणी क्रमांक बघणं ही पहिली पायरी, तिच्यावर वेळ घालवत नाही. खरी पारख निदान कसं केलं जातं त्यावरून होते.

ठणका घेऊन गेल्यावर चांगला डेंटिस्ट आधी ऐकतो, मग तपासतो. गार फवारा मारलेला कापसाचा बोळा आधी शेजारच्या निरोगी दाताला लावतो, मग संशयित दाताला, आणि किती सेकंद दुखतं ते मोजतो. आरशाच्या दांड्याने दातांवर टकटक करून बघतो. हिरडीची खोली बारीक मोजपट्टीने दाताभोवती सहा ठिकाणी मोजतो. तड्याची शंका असेल तर दाताच्या एकेका टोकावर काडी ठेवून चावायला लावतो. मग त्या दाताचा छोटा एक्सरे, ज्यात मुळाचं टोक आणि त्यापलीकडचं थोडं हाड दिसलं पाहिजे. टोक कापलं गेलेला एक्सरे निदानाला अपुरा आहे. हेही लक्षात ठेवा की हाडातलं खनिज बरंच कमी झाल्याशिवाय एक्सरेत काळी सावली दिसत नाही, म्हणून दुखण्याच्या सुरुवातीला एक्सरे स्वच्छ असू शकतो. फक्त एक्सरे बघून 'काही नाही' म्हणणारा आणि एक्सरेशिवाय 'रूट कॅनाल (नस काढून मुळातल्या नळ्या साफ करून भरणं) करावं लागेल' म्हणणारा, दोघांनीही तपास अर्धाच केलेला असतो.

दात नक्की कळत नसेल आणि डेंटिस्ट म्हणाला, "दोन दिवस थांबू, दुखणं एका जागी आलं की करू," तर त्याला कमकुवत समजू नका. चुकीच्या दाताचं रूट कॅनाल परत फिरवता येत नाही.

निर्जंतुकीकरण विचारायला संकोचू नका. उपकरणं तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून काढली पाहिजेत. पाकिटावरच्या खुणेचा रंग बदललेला असतो, पण त्यावरून उष्णता लागली एवढंच कळतं. जंतू मेले की नाही हे कळायला ऑटोक्लेव्हची (दाबाखालच्या वाफेने उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची) जिवाणूंच्या बीजाणूंनी ठराविक काळाने चाचणी करावी लागते, ती होते का हे विचारा. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटं किंवा १३४ ला किमान ३ मिनिटं वाफ लागते. ड्रिलचा हातात धरायचा भाग, म्हणजे हँडपीससुद्धा प्रत्येक रुग्णानंतर त्यात गेलं पाहिजे, नुसतं स्पिरिटने पुसून भागत नाही. घाई इथेच होते, कारण हँडपीस महाग आणि संख्येने कमी असतात.

उपचाराचा आराखडा लेखी घ्या, दाताच्या क्रमांकासह. बहुतेक देशांत चालणाऱ्या दोन अंकी पद्धतीत पहिला अंक जबड्याचा भाग सांगतो, दुसरा मधल्या रेषेपासून दाताचा क्रम. ४६ म्हणजे खालची उजवी पहिली मोठी दाढ. एक्सरेची प्रत मागा. दुसरं मत घ्यायचं तर ती सोबत हवी. प्रत द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच विचार करा.

सांजवात

कवडसा, +१. एक भर. आजवर न दुखलेल्या आठ-दहा दातांत अचानक कीड सांगितली आणि आजच सुरुवात करू म्हटलं, तर थांबा. कीड बाहेरच्या आवरणापुरती असेल, खड्डा पडलेला नसेल, तर ती फ्लोराइडने थोपवता येते, काही वेळा मागेही फिरते. अशा दाताला ड्रिल लावणं म्हणजे निरोगी भाग कायमचा घालवणं. फ्लोराइड व्हार्निश (डेंटिस्टने दातांवर लावायचा लेप), १००० ते १५०० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट दिवसातून दोनदा, घासल्यावर फेस थुंकायचा पण खळखळून चूळ भरायची नाही, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. तातडी दुखण्याला असते, काळ्या ठिपक्याला क्वचितच.

टिपकागद

रूट कॅनाल करायचं ठरलं तर काय विचारायचं? एका बैठकीत करणारे चांगले की तीन बैठकांत?

रानवारा

बैठका किती यापेक्षा आत काय होतं ते विचारा. पहिला प्रश्न: रबर डॅम लावता का? ही दाताभोवती ताणलेली रबराची चादर. ती नसेल तर लाळेतले जंतू स्वच्छ केलेल्या नळीत परत जातात. शिवाय धुण्यासाठी वापरलं जाणारं सोडियम हायपोक्लोराइट घशात जाऊ शकतं, नळी घासायची बारीक फाइल गिळली जाऊ शकते. डॅम नसेल तर पातळ हायपोक्लोराइट वापरावं लागतं किंवा नुसत्या सलाइनने धुतलं जातं, आणि सलाइन जंतू मारत नाही. माझ्या लेखी हा एक प्रश्न बाकी दहा प्रश्नांच्या बरोबरीचा आहे.

दुसरा: नळ्या किती सापडल्या? वरच्या पहिल्या मोठ्या दाढेला मुळं तीन असली तरी नळ्या बहुतेक वेळा चार असतात. चौथी अगदी बारीक असते, भिंगाशिवाय हुकते, आणि ती राहिली की महिन्यांनी दुखणं परत येतं. तिसरा: लांबी कशाने मोजली? अपेक्स लोकेटर (मुळाचं टोक कुठे आहे ते दाखवणारं यंत्र) आणि एक्सरे, दोन्ही. शेवटच्या एक्सरेत भरण मुळाच्या टोकापासून ० ते २ मिलिमीटर अलीकडे थांबलेलं, मध्ये पोकळी नसलेलं दिसावं.

नस जिवंत असेल तर एका बैठकीत करणं ठीक. पू वाहत असेल, नळी कोरडी होत नसेल, तर आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे जंतुनाशक औषध भरून आठवडाभर थांबणं शहाणपणाचं.

औषधमात्रा

भुलीबद्दल लिहायला हवं, लोक त्यालाच घाबरतात. खालच्या सुजलेल्या दाढेला नेहमीचं इंजेक्शन कधीकधी पुरं लागत नाही. ओठ बधिर होतो, दात नाही. दाहामुळे तिथली आम्लता वाढते, भुलीच्या औषधाचा नसेत शिरणारा अंश कमी होतो, आणि दुखावलेली नस स्वतःही जास्त चेतलेली असते. डेंटिस्टकडे उपाय आहेत: गालाच्या बाजूने आर्टिकेन या भुलीच्या औषधाचं जादा इंजेक्शन, दाताच्या अस्थिबंधात (दात हाडाला धरून ठेवणाऱ्या तंतूंत) इंजेक्शन, हाडात इंजेक्शन. ड्रिल सुरू करण्याआधी गार फवाऱ्याने दात तपासून घ्यायला सांगा. हात वर केला की थांबायचं, हे आधीच ठरवून घ्या. आयबुप्रोफेन चालत असेल तर तासभर आधी घेतल्याने भूल लागायला मदत होते.

सुरू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून बिस्फॉस्फोनेट किंवा डेनोसुमॅब घेत असाल तर दात काढण्याआधी ते सांगितलंच पाहिजे, कारण जबड्याचं हाड न भरता उघडं राहण्याचा धोका असतो. गरोदरपणात दातांचे उपचार करता येतात, भूल आणि गरजेचा एक्सरेही चालतो. मधले तीन महिने बसायला सोयीचे.

अनाहत

आणि दात काढलाच तर? तिसऱ्या दिवशी दुखणं वाढलं की लोक घाबरतात.

दंतवेध

घाबरू नये, पण दाखवायला जावं. काढल्यावर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारा जबर ठणका आणि तोंडाला वास, म्हणजे ड्राय सॉकेट. खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून जाऊन हाड उघडं पडलेलं असतं. हा जंतुसंसर्ग नव्हे, अँटिबायोटिकने जात नाही. खड्डा सलाइनने धुऊन औषधाची पट्टी ठेवली की बहुतेक वेळा त्याच दिवशी आराम पडतो.

तो टाळायचा तर काढल्यावर गॉज (जाळीदार कापडाची घडी) ३० ते ४५ मिनिटं घट्ट चावून धरा, सारखं उघडून बघू नका. पहिले २४ तास चूळ नाही, जोरात थुंकणं नाही, स्ट्रॉ नाही. धूम्रपान किमान तीन दिवस बंद, याचा वाटा सर्वांत मोठा. मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या दुसऱ्या दिवसापासून.

टिपकागद

शेवटचं विचारतो. रूट कॅनालनंतर तात्पुरतं सिमेंट पडलं किंवा कॅप निघून आली तर?

रानवारा

तात्पुरतं सिमेंट पडलं तर दोन-तीन दिवसांत परत भरून घ्या. उघड्या दातातून लाळ आत झिरपते आणि आतली सगळी मेहनत वाया जाऊ शकते. नळ्या भरून झाल्यावरही महिनोन्‌महिने तात्पुरत्या सिमेंटवर राहू नका. दाढ असेल तर काही आठवड्यांत कॅप बसवून घ्या. आतून पोखरलेली दाढ चावण्याच्या दाबाने उभी चिरते, आणि चीर मुळापर्यंत गेली की दात काढावाच लागतो. पुढच्या दातांना, बराचसा भाग शाबूत असेल तर, कॅप दरवेळी लागत नाही.

कॅप निघाली तर ती फेकू नका. आतून धुऊन कोरडी करा, आधी रिकामीच बसवून दिशा बघून घ्या, मग औषधाच्या दुकानात मिळणारं दातांचं तात्पुरतं सिमेंट पातळ थर लावून बसवा आणि हलकेच चावा. घरातला झटपट चिकटणारा गोंद अजिबात नको. तो दाताला आणि हिरडीला इजा करतो, कॅप किंचित उंच बसते आणि नंतर नीट बसवायला काहीच उरत नाही. रात्री झोपताना सैल कॅप काढून डबीत ठेवा, झोपेत श्वासनलिकेत जाऊ शकते. त्या बाजूने चावू नका, आणि डेंटिस्टला फोन करताना कॅप सुटी निघाली की आत दाताचा तुकडा घेऊन निघाली ते सांगा. तुकडा असेल तर ती तशीच परत चिकटवता येत नाही, त्यांना जास्त वेळाची अपॉइंटमेंट ठेवावी लागते.